रात्री अकराला वेंगुर्ला

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि त्या संध्याकाळपासून हर्णैचा फोन लागेना. हर्णै माझं आजोळ. मामा तांडेल आहे, त्याची स्वतःची बोट आहे, घरात दोन मुलगे त्याच बोटीवर. पुण्यातही त्या दिवशी झाडं पडली होती. आमच्या धनकवडीत सोसायटीसमोरचा गुलमोहर आडवा झाला, वीज गेली, पण रात्री परत आली. तिकडे दापोली-मंडणगडची वीज, मोबाइलचे टॉवर, सगळंच भुईसपाट. आई दर अर्ध्या तासानं नंबर लावायची आणि फोन माझ्या हातात द्यायची, जणू माझ्या हातून लागेल.

पाचव्या दिवशी मामाचाच फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. घराचे कौलं-पत्रे गेले होते, माणसं धड होती, बोट आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधली होती म्हणून वाचली. बोलता बोलता मी विचारलं, "मामा, बोटीवर वायरलेस आहे ना तुमच्या?" तो म्हणाला, "हाय गो बाय. पण तो तुला पुण्यात कसा ऐकू यायचा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कॉलेजात असताना मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, परीक्षा दिली होती. परवाना कपाटात होता, संच कधीच विकून टाकला होता. नोकरी, लग्न, मुलगी यात वीस वर्षं निघून गेली. आता लॉकडाऊनमध्ये वेळ होता आणि मनात ते पाच दिवस होते. मी ठरवलं, समुद्रावरचं बोलणं ऐकू येईल असं काहीतरी घरात हवं.

पहिला विचार अर्थातच स्कॅनरचा. जहाजं आणि मच्छीमार बोटी ज्या व्हीएचएफ पट्ट्यावर बोलतात त्यात १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे चॅनल १६. संकटाची हाक तिथं द्यायची, आणि तटरक्षक दलाचा कानही तिथंच असतो. स्कॅनर एकामागून एक चॅनल चाळत राहतो आणि जिथं आवाज असेल तिथं थांबतो. परदेशातल्या बंदरांच्या गावांत लोक खिडकीत असा स्कॅनर ठेवून बसतात, हे वाचलेलं होतं. घ्यायच्या आधी मी काकांना फोन केला.

हे काका म्हणजे आमच्या हॅम मंडळींतले सगळ्यांत जुने. नारायण पेठेत राहतात. उमेदीची सगळी वर्षं व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ ला जगभर जीएमडीएसएस ही नवी संकट-संदेशाची व्यवस्था पुरती लागू झाली आणि जहाजावर मोर्सवाला माणूस असलाच पाहिजे ही सक्ती संपली. काका पुण्यात येऊन राहिले ते कायमचे.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही मला आवडल्या नाहीत. पहिली कायद्याची. आपल्याकडे बिनतारी संच नुसता बाळगायलाही परवाना लागतो, १९३३ च्या कायद्यापासून. बाहेरून मागवलेला स्कॅनर कस्टममध्ये अडकेल तो अडकेलच, पण मुळात दोन माणसांचं आपापसातलं बोलणं, ते तुझ्यासाठी नसताना, ऐकून वर चार जणांना सांगणं हे हॅमच्या परवान्यालाही शोभत नाही. "जे सगळ्यांसाठी म्हणून हवेत सोडलेलं असतं, ते ऐक. ते खूप आहे," असं ते म्हणाले. दुसरी गोष्ट सह्याद्रीची. व्हीएचएफ लाटा नजरेसारख्या सरळ जातात. पुणे साडेपाचशे मीटरवर, समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, आणि मध्ये हजार मीटरची भिंत. "घरात बसून चॅनल १६ म्हणशील तर विसर."

मी कायद्याचं ऐकलं, सह्याद्रीचं मात्र लगेच ऐकलं नाही. टीव्ही बघण्यासाठी म्हणून निघालेला आणि आता जगभरचे हौशी रेडिओ म्हणून वापरतात तो यूएसबी डोंगल माझ्याकडे होता. बोलणं नको तर एआयएस तरी पकडू म्हटलं. एआयएस म्हणजे जहाज स्वतःच आपली जागा, वेग, दिशा सांगत राहतं ते. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वारंवारितांवर, चालतं जहाज दर काही सेकंदांनी आणि नांगरलेलं दर तीन मिनिटांनी. एकमेकांवर आदळू नये म्हणून सगळ्यांना ओरडून सांगायचं, असाच त्याचा हेतू. माझ्या मनाला ते पटलं.

डिसेंबरात सिंहगडावर गेलो. सिंहगड तेराशे मीटर उंच, म्हणजे हिशेबानं रेडिओचं क्षितिज दीडशे किलोमीटरवर. समुद्र त्याच्या पुष्कळ अलीकडे. कल्याण दरवाजाजवळ बसून मी पितळी सळईचे दोन तुकडे, प्रत्येकी शेहेचाळीस सेंटिमीटर, बांबूच्या काठीला बांधून उभे धरले. नवरा लॅपटॉपवर चादर धरून उभा, ऊन लागू नये म्हणून. दोन तासांत एकही जहाज नाही. घरी येऊन काकांना सांगितलं तर त्यांनी कागदावर रेघ मारून दाखवली. उंची आहे, पण गड भिंतीच्या अलीकडे आहे. पलीकडे पानशेत-मुळशीच्या डोक्यावर घाटमाथा पुन्हा उठतो, आणि अलिबागकडे जाणारी रेघ नेमकी त्याच्या पोटात शिरते. उंचीपेक्षा कडा महत्त्वाचा.

जानेवारीत लोणावळ्याला लायन्स पॉइंटला गेलो. उंची सिंहगडाच्या निम्मी, पण पुढं काहीच नाही, सरळ खाली कोकण. काठी उभी केली आणि पहिल्या मिनिटाला पडद्यावर ओळी धावायला लागल्या. ४१९ नं सुरू होणारे नंबर, म्हणजे भारतीय जहाजं, आणि त्यांच्यामध्ये कुठली कुठली परदेशी. न्हावा-शेवाच्या वाटेवरचे कंटेनरवाले, बंदराबाहेर नांगरून बसलेले टँकर. धुक्यात समोर काही दिसत नव्हतं, भजीच्या गाडीचा धूर तेवढा होता, आणि माझ्या मांडीवर मुंबई बंदर हलत होतं. मुलीनं एका जहाजाचं नाव बोट ठेवून वाचलं आणि ते कुठं चाललंय विचारलं. गंतव्य बंदराच्या रकान्यात कोलंबो होतं.

पण रोज रात्री लोणावळ्याला जाता येत नाही. मला घरात हवं होतं. वादळाच्या दिवशी, वीज गेली तरी, लॅपटॉपच्या बॅटरीवर.

तेव्हा काकांनी मला आपल्या घरी बोलावलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. जहाजाच्या रेडिओ रूममधलं, पितळी कड्याचं, जहाज भंगारात निघालं तेव्हा त्यांनी मागून घेतलेलं. तबकडीवर चार पाचर रंगवलेल्या होत्या. पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांवर लाल, बाराच्या पुढची तीन मिनिटं आणि अर्ध्याच्या पुढची तीन मिनिटं हिरव्या. लाल पाचरीत मिनिटकाटा शिरला की ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या प्रत्येक जहाजानं मोर्सची चावी सोडायची. हिरवीत २१८२ किलोहर्ट्झवर बोलणं बंद. तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं सगळा समुद्र गप्प बसायचा, कुणाची क्षीण हाक असेल तर ती ऐकू यावी म्हणून. काका म्हणाले, की इतकी वर्षं झाली तरी लाल पाचर आली की त्यांचं बोलणं आपोआप थांबतं. मी पाहिलंय, खरंच थांबतं. त्या दिवशी चहा पिताना पावणेपाच झाले आणि त्यांनी कप अलगद बशीत ठेवला.

"५०० आता शांत आहे," ते म्हणाले, "पण त्याच्या शेजारी ५१८ वर नॅवटेक्स आहे. तुझं काम ते करील."

नॅवटेक्स म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या जहाजांसाठी पाठवलेला मजकूर. हवामान, वादळाचे इशारे, बंद पडलेली दीपगृहं, तोफांच्या सरावाची क्षेत्रं, शोध आणि बचाव. जहाजावर एक छोटं यंत्र तो आपोआप छापतं किंवा पडद्यावर दाखवतं. जगातली सगळी केंद्रं एकाच वारंवारितेवर, ५१८ किलोहर्ट्झवर, आणि एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. अक्षरावरून वेळ ठरते. ए ची जागतिक वेळेनुसार शून्य वाजता, बी ची दहा मिनिटांनी, असं पुढं पुढं, आणि चार तासांनी पुन्हा ए. मुंबईचं अक्षर जी. वेंगुर्ल्याचं जे. जे ची पाळी आपल्या घड्याळात सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे तीनला येते. वेंगुर्ला! धनकवडीहून जवळपास थेट दक्षिणेला, तीनशे किलोमीटरच्या आत. आणि ५१८ किलोहर्ट्झची लाट ५७९ मीटर लांब असते. ती सह्याद्रीला अंगावर घेत नाही, जमिनीला चिकटून वर चढते आणि पलीकडे उतरते. रात्री तर आकाशातूनही येते.

सांगायला सोपं होतं. घरी पहिल्या रात्री मी गच्चीपर्यंत वीस मीटर तार ओढली, डोंगल लावला, ५१८ वर गेले, आणि मला पुणे आकाशवाणी ऐकू आली. तिथंही, ६०० वरही, ४०० वरही. हडपसरचा ७९२ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर शंभर किलोवॉटचा. माझ्या डोंगलला तो डोळ्यासमोर धरलेल्या सर्चलाइटसारखा. मग मी पहाटे तीनचा गजर लावला, कारण तेव्हा आकाशवाणी बंद असते.

पहाटेच्या पाळीला पहिल्यांदा तो आवाज ऐकला. रातकिड्यासारखी एकसुरी किरकिर, पण नीट ऐकलं तर दोन सूर, १७० हर्ट्झच्या अंतरावरचे, सेकंदाला शंभर ठोके. फ्लडिजी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर यायला लागला तो असा, की चार अक्षरं आणि सात फुल्या. "एनएनएनएन" एवढं मात्र स्वच्छ आलं. तो संदेश संपल्याचा शिक्का. मी संदेशाचा फक्त शेवट वाचला होता, आणि तरीही नवऱ्याला उठवलं.

नंतरचे दोन महिने गोंगाट शोधण्यात गेले. मध्यम लहरींवर आजचं घर म्हणजे बाजार. खिशातला जुना ट्रान्झिस्टर ५३० च्या खाली सरकवून मी खोल्या-खोल्यांतून फिरले. लिफ्टजवळ खरखर, टीव्हीच्या मागे शिटी, मोबाइलच्या स्वस्त चार्जरपाशी तर आवाज भुंग्यासारखा. मेन स्विच बंद केला की अर्धा गोंगाट जायचा, म्हणजे अर्धा शेजाऱ्यांचा. सगळ्यांत वाईट निघाली आमच्याच देवघरातली एलईडीची माळ, तिचा अडॅप्टर. सासूबाईंना कसं सांगावं या विचारात दोन दिवस गेले. त्यांनीच विचारलं, रेडिओ हातात घेऊन देवघरापुढं काय करतेस. सांगितलं तर त्यांनी माळ काढून ठेवली आणि म्हणाल्या, समई आहेच की. तेव्हापासून आमच्याकडे रात्री समई असते.

आकाशवाणीवर उपाय काकांनी सांगितला तो लूपचा. लांब तार सगळीकडून सगळं गोळा करते. चौकटीवर गुंडाळलेली तार मात्र आपल्या कडांच्या दिशेनं ऐकते आणि तिच्या तोंडासमोरून येणारं तिला ऐकू येत नाही. लाकडाच्या साडेचार फुटी दोन पट्ट्या फुलीसारख्या जोडल्या की कडेला एक मीटरचा चौकोन होतो. त्यावर दहा वेढे, साधारण चाळीस मीटर तार. तपकीर गल्लीत वाइंडिंगची तार मिळाली, पण गँग कंडेन्सर, म्हणजे जुन्या रेडिओत केंद्र लावायला फिरायचा तो भाग, कुणाकडे नाही. दुकानदार मुलाला तो शब्दच माहीत नव्हता, त्याच्या वडिलांनी आतून उत्तर दिलं, "जुन्या बाजारात बघा." रविवारी जुन्या बाजारात एका चादरीवर, नळाच्या तोट्या आणि कुलपांच्या मध्ये, एका व्हॉल्व्ह रेडिओचा सांगाडा पडला होता. त्यात गँग होता. अॅल्युमिनियमच्या अर्धगोल पाकळ्या, एक संच स्थिर, दुसरा दांडा फिरवला की त्यांच्या फटींत अलगद शिरणारा, पाकळी पाकळीला न शिवता. धूळ इतकी की पाकळ्या दिसत नव्हत्या. दीडशे रुपयांना घेतला. घरी पेट्रोल आणि दातांचा ब्रश घेऊन तासभर साफ केला, दोन पाकळ्या वाकल्या होत्या त्या पोस्टकार्डाच्या कडेनं सरळ केल्या. दोन्ही भाग एकत्र जोडून चौकटीला लावला, आणि डोंगलसाठी आत एक वेगळा वेढा दिला.

दांडा फिरवत ५१८ च्या जवळ आलं की पडद्यावरचा गोंगाट एका ठिकाणी उंचावतो. फुगा आल्यासारखा. तिथं थांबायचं. केसाइतकं पुढं गेलं तरी तो निसटतो. मग चौकट उभ्या दांड्यावर फिरवायची. धनकवडीवरून हडपसर पूर्वेला, जरासं ईशान्येकडे झुकलेलं. चौकटीचं तोंड तिकडे केलं आणि आकाशवाणी विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली. त्या स्थितीत दक्षिणेचं वेंगुर्ला आणि वायव्येची मुंबई चौकटीच्या बऱ्यापैकी सरळ दिशेत राहतात. कोथरूडला राहत असते तर हडपसर आणि मुंबई एका रेघेच्या बरेच जवळ आले असते आणि एकाला गप्प करताना दुसरीचाही आवाज दबला असता. गॅलरीच्या फरशीवर मी खडूनं बाण काढून ठेवलाय. सासूबाई फरशी पुसताना तो बाण सोडून पुसतात.

सकाळी सातची पाळी मला सगळ्यांत आवडते. ती दहा मिनिटांची. वेंगुर्ला संपतं आणि सात दहाला पुणे केंद्राच्या बातम्या लागतात, त्या मी लहानपणापासून ऐकत आलेय.

या यंत्रणेतली एक गोष्ट मला इतकी आवडली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॅवटेक्सचं प्रत्येक अक्षर सात ठोक्यांचं असतं, आणि सातांपैकी नेहमी चार एका सुराचे, तीन दुसऱ्या. मधे वीज कडाडली, लिफ्ट सुरू झाली आणि एखादा ठोका बिघडला, की चार-तीनचा हिशेब मोडतो आणि यंत्राला कळतं की हे अक्षर खोटं आहे. मग? मग प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलेलंच असतं, पण लागोपाठ नाही. दुसरी प्रत २८० मिलिसेकंदांनी येते. मधल्या वेळात इतर अक्षरं जातात. म्हणजे आमच्या लिफ्टचा झटका पहिल्या प्रतीवर पडला तरी दुसरी प्रत सहसा तो संपल्यावर येते. दोन्ही बिघडल्या तरच फुली. ज्यानं हे आखलं त्यानं वादळातल्या जहाजाचा विचार करून आखलंय, हे मला दर फुलीला जाणवतं.

मजकूर रुक्ष असतो. सुरुवात "झेडसीझेडसी"नं, मग केंद्राचं अक्षर, विषयाचं अक्षर आणि क्रमांक. ए म्हणजे नौकानयनाचा इशारा, बी हवामानाचा इशारा, डी शोध आणि बचाव, ई हवामान अंदाज. जहाजावरच्या यंत्राला काही विषय गाळायला सांगता येतात, पण ए, बी आणि डी गाळता येत नाहीत. ते छापावेच लागतात. आपल्या बाजूच्या समुद्राचं क्षेत्र आठ नंबरचं, आणि त्याच्या इशाऱ्यांचं काम देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेख कार्यालयाकडे आहे. समुद्राचे इशारे हिमालयाच्या पायथ्याशी जुळवले जातात आणि सह्याद्रीच्या आड मी ते वाचते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. समुद्राजवळ नसलेले आम्ही आणखीही आहोत.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. १४ तारखेपासून वेंगुर्ल्याच्या पाळीत बी अक्षराचे संदेश लागोपाठ यायला लागले. मी अक्षांश-रेखांश काढून शाळेच्या नकाशावर पेन्सिलीनं टिंब देत होते. हर्णैला फोन केला तर मामा म्हणाला, "बंदरावर बावटा लागलाय, बोटी आंजर्ल्याच्या खाडीत गेल्यात, तू काळजी करू नको." माझ्या संदेशाआधी बावटा त्याच्यापर्यंत पोचला होता. ते तसंच असायला हवं. माझा रेडिओ त्याला वाचवण्यासाठी नाही, तटरक्षक दलाचा १५५४ त्यासाठी आहे, मत्स्य खात्याची माणसं आहेत, बोटीवर संकटाचं बटण आहे. हे मी सगळ्यांना सांगते, कारण हा छंद लागला की आपण कुणीतरी पहारेकरी आहोत असं वाटायला लागतं.

१६ च्या रात्री हर्णैचा फोन पुन्हा गेला. अकराला मी चौकटीपाशी बसले, आई शेजारी. वळवाच्या विजा चोहीकडून चमकत होत्या, आणि मध्यम लहरींवर शेकडो किलोमीटरवरची वीजही ऐकू येते. नेमकी ज्या दिवसांसाठी मी हे सगळं उभारलं त्याच दिवसांत ते सगळ्यांत वाईट चालतं, हे मला त्या रात्री कळलं. फुल्यांमधून शब्द येत होते. "सायक्लोनिक", पुढे फुल्या, "नॉर्थ", पुढे आकडे अर्धे. आई प्रत्येक ओळीला विचारायची, काय आलं. वादळ उत्तरेला सरकतंय एवढं मला आकड्यांवरून जुळवता आलं. रेखांश किनाऱ्याकडे सरकत नव्हता. म्हणजे ते समुद्रातूनच वर चाललं होतं, किनाऱ्यावर चढत नव्हतं. मी आईला तेवढं सांगितलं. ती झोपायला गेली नाही, पण फोन लावायची थांबली.

दुसऱ्या दिवशी हर्णैचा फोन लागला. आणि त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ ही तेलक्षेत्रातल्या कामगारांची बार्ज बुडाली. नौदलाची कोची, कोलकाता ही जहाजं त्या समुद्रात माणसं काढत होती. सत्तरहून जास्त माणसं गेली. त्या माणसांच्या हाका घाटाच्या अलीकडे येणाऱ्या लाटांवर नव्हत्या. मी नकाशावर टिंब देत होते तिथून बोटभर अंतरावर ती जागा होती. तो नकाशा मी पुसला नाही, नवीन आणला.

डिसेंबरात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आला, आठवडाभर आमच्याकडे होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. रात्री अकराला तो आपणहून गॅलरीत येऊन बसायचा. थंडीत ५१८ इतकं स्वच्छ येतं की सबंध पाळीत एक फुली नसते. तो किरकिर ऐकायचा आणि मी मजकूर मराठीत वाचून दाखवायचे. वारा वायव्येकडून, पंधरा नॉट. "बरोबर," तो म्हणायचा, बाहेर न बघता. तिसऱ्या रात्री एका दीपगृहाचा दिवा बंद असल्याचा इशारा आला. मी जागा वाचली.

"हा आज सांगतायत?" मामा म्हणाला. "गेल्या फेरीला तिथनं काळोखातच आलो आम्ही."

मग त्यानं पेन्सिल मागितली, नकाशा उजव्या डोळ्याजवळ धरला आणि त्या दिव्यापासून हर्णैपर्यंत रात्रीचे कुठकुठले दिवे दिसतात ते एकेक करून मला दाखवायला लागला. नकाशावर नसलेलेही. कुठल्या तरी देवळाचा कळस, कुठल्या तरी बर्फ कारखान्याचा बल्ब.